सकाळच्या थरथरीसाठी घरपोच ‘फुल बॉडी’ पॅकेज : पाचपैकी दोन

जाग येते तीच अंगाला कापरं भरून. उशाशी ठेवलेला पेला उचलावा तर पाणी हिंदकळतं. दहा-पंधरा मिनिटांत सगळं ओसरतं आणि आठ-बत्तीसची लोकल पकडेपर्यंत माणूस ते विसरूनही जातो. आठवड्यातून तीन-चारदा असं झालं की धास्ती बसते. मुंबईत त्यावर हल्लीचा पहिला उपाय म्हणजे मोबाइलवरून ‘फुल बॉडी चेकअप’ मागवणं. दीड ते तीन हजार रुपये, सत्तर-ऐंशी चाचण्या, सकाळी माणूस दारात, संध्याकाळी रिपोर्ट व्हॉट्सॲपवर. सोयीबद्दल तक्रार नाही. वर्षातून एकदा कोलेस्टेरॉल बघायला हे ठीकच. पण उठताना अंग का थरथरतं, एवढ्या एका प्रश्नापुरतं जोखायचं तर पाचपैकी दोन गुण, आणि त्यातला एक थायरॉइडच्या नावावर.

थरथर साडेपाचला येऊन जाते आणि सुई साडेसातला टोचते, खरी गोम इथे आहे. कितीही चाचण्या लावा, निघून गेलेली गाडी फलाटावर सापडत नाही.

चाचण्यांच्या आकड्याला तर मुळीच भुलू नये. एकट्या हिमोग्रामच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या, वीसेक ओळी मोजतात, लिव्हरच्या दहा-बारा, लिपिडच्या आठ-नऊ, आणि त्यातली गुणोत्तरं नुसता भागाकार करून छापलेली असतात. थरथरीच्या कामाच्या ओळी शोधल्या तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या निघतात: उपाशीपोटीची साखर, थायरॉइडचा टीएसएच, सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, किडनीचं क्रिएटिनिन, बी-१२ आणि दारूचा प्रश्न असेल तर लिव्हरचं एन्झाइम जीजीटी. मॅग्नेशियम बहुतेक पॅकेजांत नसतंच. स्वस्तातल्या पॅकेजांत सोडियम-पोटॅशियमलाही कात्री लागते, व्हिटॅमिन डी मात्र ठळक अक्षरांत असतं. डीची कमतरता फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांत घरोघर सापडते. रिपोर्टवर लाल आकडा दिसला की गिऱ्हाइकाला पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात, एवढाच त्याचा उपयोग. पहाटेच्या थरथरीशी त्याचा सहसा संबंध नसतो.

साखरेचं जरा बारकाईनं बघू, कारण सगळ्यात जास्त गफलत तिथेच होते. रक्त साध्या नळीत तसंच पडून राहिलं तर त्यातल्या पेशी साखर खात बसतात. दर तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर अशी उडते. म्हणजे दंडातून निघताना ८० असलेली साखर तीन तासांनी मशीनवर ६६च्या आसपास दिसू शकते. सकाळी सातला बोरिवलीत घेतलेला नमुना आणखी आठ घरं फिरून लॅबमध्ये पोचायला तेवढा वेळ सहज लागतो. त्यासाठी राखाडी बुचाची नळी असते, तिच्यात सोडियम फ्लोराइड असतं. रक्त भरल्यावर ती नळी आठ-दहा वेळा हलक्या हातानं उलटीसुलटी करायची असते, म्हणजे फ्लोराइड नीट मिसळतं. तरी फ्लोराइडचा पूर्ण जम बसायला एक-दोन तास, कधी त्याहून जास्तही जातात, त्यामुळे थोडी घट होतेच. तेव्हा नमुना घेणारा आला की त्याच्या हाताकडे बघा: जांभळं, पिवळं किंवा लाल, आणि राखाडी अशी निदान तीन बुचं दिसली पाहिजेत. राखाडी नसेल आणि रिपोर्टात साखर ६४ आली, तर ‘शुगर लो होते म्हणून थरथरतं’ असा निष्कर्ष काढून खिशात बिस्किटं ठेवायला लागू नका.

एचबीएवनसीचं उलटं. तो साखरेचा तीन महिन्यांचा सरासरी आकडा. रात्री ५५ आणि जेवणानंतर २४० असणाऱ्याची सरासरीसुद्धा दिसायला सभ्य येते. पहाटेचे खड्डे त्यात बुजून जातात. शिवाय लोह कमी असलेल्या पंडुरोगात हा आकडा खोटा वर जातो. ‘एवनसी ६.८, छान कंट्रोल’ असा शेरा मिळालेला माणूस रोज पहाटे साखर उतरून घामाघूम होऊन उठत असू शकतो.

उपासाच्या सूचनेवर एक ताशेरा ओढायलाच हवा. बुकिंग करताना सरसकट ‘१० ते १२ तास उपाशी’ असं सांगतात. रात्री आठला जेवलेल्या माणसाला सकाळी नऊचा स्लॉट मिळाला आणि माणूस साडेनऊला उगवला तर साडेतेरा तास होतात. साखर उतरवणाऱ्या ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यासाठी हे धोक्याचं आहे. अशांनी पहिलाच स्लॉट घ्यावा, सकाळचा डोस नमुना दिल्यावर नाश्त्याच्या जोडीनं घ्यायचा का हे आपल्या डॉक्टरांना आदल्या दिवशी विचारून ठेवावं, आणि थरथर सुरू झाली तर उपास गेला उडत, साखर खावी. चाचणी उद्याही होते.

थायरॉइडचा गुण मात्र खरा कमावलेला. टीएसएच खाली गेलेला, टी-४ (थायरॉइडचं हार्मोन) चढलेला, हात पुढे ताणले की बोटांची बारीक थरथर, घाम, वजन उतरणं, धडधड: हे जुळलं तर थायरॉइड जास्त चालतोय (हायपरथायरॉइड), पॅकेजचे पैसे वसूल. पण दोन फाटे आहेत. हायपोथायरॉइडची, म्हणजे मंद थायरॉइडची, गोळी आधीपासून चालू असेल आणि डोस जास्त होत असेल, तरी चित्र असंच दिसतं. शिवाय गोळी घेतल्यावर काही तास टी-४ तात्पुरता चढतो, म्हणून त्या दिवशीची गोळी नमुना दिल्यानंतर घ्यावी. दुसरा फाटा केसांसाठीच्या बायोटिनचा. १० मिलिग्रॅमच्या गोळ्या किंवा गोड गमीज खाणाऱ्यांच्या रक्तात बायोटिन उरलं, तर काही मशीनवर टीएसएच खोटा कमी आणि टी-३, टी-४ खोटे जास्त येतात. हुबेहूब हायपरथायरॉइड! किमान दोन-तीन दिवस आधी बायोटिन बंद ठेवा. बुकिंगच्या वेळी हा प्रश्न कोणी विचारत नाही, आपणच सांगायचा.

पोटॅशियम ५.८ बघून घाबरू नये, रिपोर्टाखाली ‘हिमोलाइज्ड’ असं लिहिलंय का ते आधी बघावं. दंडाला पट्टा मिनिटाच्या वर आवळून ठेवला किंवा स्कूटरच्या डिकीत नळ्या खडखडत गेल्या की तांबड्या पेशी फुटतात आणि पोटॅशियम फुगतं. मूठ उघडझाप करायला लावली तरी ते फुगतं, पण ते स्नायूंतून येतं, तेव्हा ‘हिमोलाइज्ड’ असा शेरा मिळत नाही.

आता ज्या वस्तूला पाचपैकी चार द्यावेत ती बघू: उशाशी ठेवलेला साधा ग्लुकोमीटर. गुण त्याच्या वेळेला आहेत, अचूकतेला नव्हेत. थरथर चालू असताना तोच हजर असतो. आंतरराष्ट्रीय निकष आयएसओ १५१९७ सांगतो की १०० च्या खालच्या साखरेला शंभरातले ९५ आकडे खऱ्या आकड्याच्या १५ इकडे-तिकडे असले तरी मीटर पास. म्हणजे पडद्यावरचे ६५ प्रत्यक्षात ५० ते ८० काहीही असू शकतात. यासाठीच एका आकड्यावर विसंबायचं नाही. तीन वेगवेगळ्या पहाटे, थरथर चालू असताना मोजायचं, आणि एखाद्या शांत पहाटे त्याच वेळी एकदा. चारही नोंदी वहीत: वेळ, आकडा, रात्री काय आणि किती वाजता खाल्लं, गोळी, दारू. कारण कळायला एवढ्या नोंदी बऱ्याचदा पुरतात.

मोजताना हात साबणानं धुऊन कोरडे करा. मे महिन्यात आंबा खाल्लेल्या बोटाची साखर शंभरानं चढलेली दिसली तर नवल नको. सॅनिटायझर लावलाच तर पूर्ण वाळू द्या. बोटाच्या टोकावर टोचू नका, कडेला टोचा. पहिला थेंब पुसा, दुसरा घ्या, पण पिळून काढू नका. मुंबईत पट्ट्यांचा खरा वैरी म्हणजे हवेतली ओल. डबीचं झाकण ‘टक्’ असं वाजेपर्यंत लावलं नाही तर जून-जुलैत पट्ट्या महिन्याभरात बिघडू शकतात. डबी फ्रिजमध्ये किंवा बाथरूमच्या कपाटात नको. उघडल्याची तारीख डबीवरच पेननं लिहा, कारण छापील मुदत बंद डबीची असते, उघडल्यावरची मुदत कंपनीगणिक वेगळी, माहितीपत्रकात बघावी. आणि हिमोग्लोबिन फार कमी असेल तर मीटर साखर आहे त्यापेक्षा जास्त दाखवू शकतो, म्हणजे नेमकी उतरलेली साखर लपते. मीटर स्वस्त म्हणून घेऊ नका, पट्ट्यांचा भाव बघून घ्या. खर्च तिथेच आहे.

आकडा ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम साखर: तीन-चार चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढीच. चॉकलेट किंवा पेढा नको, त्यातलं तूप-साय साखरेचा वेग मारतं. माणूस गिळू शकत नसेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, थेट १०८. डायबिटीसचं औषध चालू नसलेल्याच्या मीटरवर ७२ आले तर तो आजार नव्हे. अशा माणसात साखर खरोखर उतरते हे म्हणायला तीन गोष्टी एकदम लागतात: त्रास, त्याच क्षणी ५५ च्या खाली आलेला लॅबचा आकडा, आणि साखर वर गेल्यावर गेलेला त्रास. नुसतं बिस्कीट खाऊन बरं वाटलं, याला काही अर्थ नाही. बिस्कीट खाऊन बऱ्याच गोष्टींत बरं वाटतं.

दंडावर चिकटवायचा चौदा दिवसांचा सेन्सर ही चैन. इन्सुलिन घेणाऱ्याला उत्तम, बाकीच्यांना संशय वाढवणारी. सेन्सर ज्या दंडावर आहे त्याच कुशीवर झोपलं की दाबामुळे आकडा खोटा घसरतो आणि मोबाइल रात्री तीनला ठणाणा करतो. अशा खड्ड्याचा आलेख उभा कोसळतो आणि कूस बदलताच तसाच उभा वर येतो. बोटावर खात्री केल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये.

आता सगळ्यात स्वस्त तपासणी: औषधांचा डबा. कुठल्याच पॅकेजात ही नाही आणि निदान बऱ्याचदा इथेच निघतं. डबा पलंगावर पालथा करा आणि पट्ट्यांच्या मागची बारीक अक्षरं वाचा. ‘गॅसची कॅप्सूल’ म्हणून महिनोन् महिने चाललेल्या कॅप्सूलमध्ये रॅबेप्रॅझोल किंवा पँटोप्रॅझोलच्या जोडीला लेव्होसल्पिराइड आहे का? असेल तर चमकून उठा. हे औषध मेंदूतलं डोपामिन अडवतं, आणि वयस्कर माणसात काही आठवड्यांत पार्किन्सनसारखा कंप, मंद चाल, कोरा चेहरा आणू शकतं. चक्करसाठी दिलेलं सिनारिझिन, मायग्रेनचं फ्लुनारिझिन, उलटीचं मेटोक्लोप्रमाइड यांचीही तीच जात. डॉक्टरांनी दोन-चार आठवड्यांसाठी लिहिलेलं औषध केमिस्टच्या कृपेनं दोन वर्षं चालू राहतं, जुनी पट्टी दाखवली की नवी मिळते. औषध थांबवल्यावर कंप ओसरायला काही आठवडे ते काही महिने लागतात.

झोपेसाठी अल्प्राझोलम असेल तर हिशेब घड्याळाचा. रक्तातलं निम्मं औषध साधारण अकरा तासांत उतरतं. रात्री दहाची गोळी रोज घेणाऱ्याला पहाटे तिची उणीव भासू लागते: थरथर, छातीत धडधड, विनाकारण भीती. मग तो म्हणतो, ‘गोळी वाढवायला हवी.’ गोळी वाढवायची नसते, पण अचानक सोडायचीही नसते, फिट येऊ शकते. पायरीपायरीनं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. दम्याच्या माणसाला विचारायचा प्रश्न एकच: आधी थरथर की आधी पंप? पहाटे चारला दम लागला म्हणून साल्ब्युटामॉलचे चार-पाच झोत घेतले की बोटं थरथरणारच. फिटचं व्हॅल्प्रोएट, मनोविकाराचं लिथियम, दम्याचं थिओफिलीन आणि नैराश्याच्या गोळ्यांचे पहिले आठवडे हेही यादीत धरा.

दारूचं गणित तर आणखी सरळ. रोज पिणाऱ्याचा शेवटचा पेग अकराला संपला तर कंप सहा ते चोवीस तासांच्या खिडकीत येतो, म्हणजे बरोबर उठायच्या वेळी, आणि सकाळच्या एका पेगनं थांबतो. ही खूण जीजीटीपेक्षा पक्की. मात्र हे वाचून कोणी एका रात्रीत बाटली फोडू नये. रोज पिणारा एकदम थांबला तर पहिल्या ४८ तासांत फिट आणि दोन ते चार दिवसांत भ्रम होऊ शकतो. सोडवणं वॉर्डात किंवा डॉक्टरांच्या हाताखाली.

आपल्या भाषेत या तक्रारीला चार वेगळे शब्द आहेत आणि चारी कामाचे आहेत. बुकिंगच्या फॉर्मवर सगळ्यांना मिळून ‘वीकनेस’ हा एकच खण असतो, ही या सेवेची सगळ्यात मोठी उणीव. थरथर म्हणजे एका लयीत हलणं. हुडहुडी म्हणजे दात वाजणं, काटा येणं, पांघरूण ओढावंसं वाटणं. आचका म्हणजे एकच झटका, हातातली वस्तू उडणं. आणि चौथी ती ‘आतून थरथर’, जी माणसाला जाणवते पण बघणाऱ्याला दिसत नाही, आणि जिच्यामागे बऱ्याचदा ताण किंवा अपुरी झोप असते. झोपेतून दचकून उठून धडधड, गुदमरल्यासारखं होणं आणि दहा मिनिटांत कळस गाठून ओसरणं हा पॅनिक ॲटॅकही असू शकतो, पण ते निदान बाकीचं तपासून झाल्यावर करायचं.

यातल्या आचक्यांना घरात सर्वांत कमी किंमत मिळते. बारा ते अठरा वयाचं पोर, उठल्यापासून तासाभरात खांद्या-हाताला झटके, चहाचा कप भिंतीवर, ब्रश बेसिनमध्ये. ‘धांदरट आहे’ म्हणून सोडून देतात. परीक्षेची जागरणं झाली, गणपतीत किंवा नवरात्रात रात्री दोनला झोपून सहाला उठलं की झटके वाढतात. ही ज्युव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी, म्हणजे किशोरवयातली फिटची एक जात, असू शकते. हिच्यात रक्त अगदी निर्मळ येतं, म्हणजे पॅकेज सगळं ‘नॉर्मल’ सांगून आई-वडिलांना खोटा दिलासा देतं. इथे लागतो तो ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख, तोही आदल्या रात्री झोप कमी करून काढलेला. शिवाय कार्बामाझेपिनसारखं फिटचं नेहमीचं औषध हिच्यात झटके वाढवू शकतं, तेव्हा ‘चुलतभावाला लागू पडली होती ती गोळी’ अजिबात नको.

म्हणून मोबाइलचा खरा उपयोग बुकिंग नव्हे, व्हिडिओ. फोन स्टूलवर उभा टेकवा, दिवा लावा, पांघरूण बाजूला, चेहऱ्यापासून पायापर्यंत सगळं फ्रेममध्ये. नाव विचारा, उत्तर येतं का बघा. मग अर्धा मिनिट हात मांडीवर सैल, दहा सेकंद हात समोर ताणून, बोट नाकाला आणि परत, शेवटी भरलेला पेला तोंडापर्यंत. मांडीवर सैल असताना हलतो आणि उचलला की थांबतो, तो पार्किन्सनच्या जातीचा, बहुधा एका बाजूनं सुरू होणारा. ताणल्यावर आणि पेला नेताना वाढतो, तो इसेन्शियल ट्रेमर (दुसऱ्या आजाराशिवाय येणारा कंप), औषधाचा किंवा थायरॉइडचा. एक मिनिटाचा हा व्हिडिओ ओपीडीत ऐंशी चाचण्यांच्या फाइलपेक्षा जास्त बोलतो. चहाच्या आधी काढा, चहानं कंप वाढतो.

स्मार्टवॉचचा ईसीजी थरथर चालू असताना काढू नका. हात हलल्यानं रेघ अशी नाचते की घड्याळ भलतंच निदान सांगतं. घरच्या स्लीप स्टडीला अर्धाच गुण. नाकाची नळी, छातीचा पट्टा आणि बोटाचा ऑक्सिमीटर घोरणं-गुदमरणं छान मोजतात, पण मेंदूच्या लहरी त्यात नोंदत नाहीत, त्यामुळे थरथर फिटची की झोपमोडीची हे ते यंत्र सांगू शकत नाही. सकाळी डोकं जड, दिवसा पेंग आणि बायकोची घोरण्याची तक्रार असेल तरच घ्या.

खर्च करायचाच तर सुटी यादी द्या: राखाडी नळीतली साखर, टीएसएच आणि फ्री टी-४, सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम अल्ब्युमिनसह, मॅग्नेशियम, क्रिएटिनिन, हिमोग्राम, बी-१२. शाकाहारी घरांत बी-१२ सोडू नका. मग व्हिडिओ, वही आणि औषधांचा डबा घेऊन आधी नेहमीच्या फिजिशियनकडे. पुढे न्यूरॉलॉजीची गरज पडली तर परळचं केईएम, सायन, नायर, जेजे इथे विभाग आहेत. ओपीडीचे वार ठरलेले असतात, ते विचारून सकाळी लवकर केसपेपरच्या रांगेत लागावं. एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, वाचा जाणं, शुद्ध हरपणं, जीभ चावणं किंवा अंथरुणात लघवी होणं यातलं काहीही असेल तर ओपीडीची वाट बघायची नाही, कॅज्युअल्टी गाठायची.

आणि हुडहुडी असेल तर सगळंच वेगळं. शरीराचं तापमान पहाटे चार-पाचच्या सुमारास सर्वांत खाली असतं. वर एसी १८ वर आणि पंखा पाचवर, मग दात वाजणारच. तीन रात्री २६ वर ठेवून बघा. तरीही वाजले तर थर्मामीटर लावा. पावसाळ्यात मुंबईत ताप चढण्याआधीची हुडहुडी म्हणजे पहिला संशय मलेरियाचा, आणि गुडघाभर पाण्यातून चालत आलेल्याला लेप्टोचाही (साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा). त्यासाठी पॅकेज बुक करून उद्या सकाळच्या स्लॉटची वाट बघणं म्हणजे एक दिवस फुकट. जवळचा पालिकेचा दवाखाना किंवा ‘आपला दवाखाना’ गाठा. मलेरियाची स्लाइड तिथे मोफत होते. पहिली निगेटिव्ह आली आणि ताप पुन्हा चढला, तर दुसरी काढायला सांगा.